चौवी आणि जोकरचं एकमत

त्या बैठकीत मला बोलावलं होतं ते भिंतीवरच्या पडद्याला वायर जोडण्यापुरतं. वायर जोडून गप्प बसलो असतो तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण आमच्या गावच्या शाळेत एक खोड लागली ती लागलीच. पाहुणे आले की हात वर करायचा, मग उत्तर येवो न येवो.

पाहुणे म्हणजे गिऱ्हाईक होतं. फळं निवडणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यातले दोघे जण. सरकत्या पट्ट्यावरून फळं जातात, वरून कॅमेरा बघतो आणि आतला प्रोग्रॅम डागी फळ बाजूला ढकलतो. तो प्रोग्रॅम त्यांचा. पण माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला कळतील अशा हुकमांत उतरवून देणारा दुसरा एक प्रोग्रॅम लागतो, त्याला कंपायलर म्हणतात, तो आमचा. कारखान्याला आता नव्या जातीचा प्रोसेसर घ्यायचा होता आणि त्यांचा प्रश्न साधा होता. जुन्यावर जे उत्तर येतं तेच नव्यावर येईल ना?

आमच्या ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी माझ्या दाजींकडे पाहिलं. दाजी नेहमीप्रमाणे बोलण्याआधी स्वतःचं वाक्य मनात उलटंपालटं करून बघत होते. तेवढ्यात माझा हात वर.

"तेच म्हणजे अगदी तेच," मी म्हणालो. "हजारो अपूर्णांकांची बेरीज करून घेतली आम्ही. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळते."

आणि मी दोन्ही उत्तरं पडद्यावर एकाखाली एक लावली. जुळी भावंडं शोभावीत अशी. पाहुणे खूश झाले. मॅडम माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या. दाजींचं पेन मात्र जागच्या जागी थांबलं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

"शेवटच्या आकड्यापर्यंत?"

"हो."

"एकही आकडा इकडेतिकडे नाही?"

"एकही नाही. शाबासकी द्यायची असेल तर घरी द्या, इथे लोक बघतायत."

"मेहुणे," दाजी म्हणाले, "तुम्ही आज मोठा घोटाळा करून ठेवलाय. नेमका कोणता, ते अजून मला कळायचंय."

दाजी एरवी मला अरेतुरे करतात. 'मेहुणे' आणि 'तुम्ही' सुरू झालं की छत्री उघडावी.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि ऑफिसात माझे वरिष्ठ. नोकरीला मी चिकटलो तो त्यांच्या शब्दावर, असं कोणी म्हटलं तर मला राग येतो, कारण ते खरं आहे. कंपायलर तपासणं हे त्यांचं काम आणि शंका घेणं हा त्यांचा धर्म. ऑफिसात त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्यांना शंका आहेच.

घरी त्यांनी दोन थर्मामीटर ठेवलेत. भाचीला ताप आला की दोन्ही लावतात. थोडा फरक आला तर निर्धास्त होतात. दोन्हीत अगदी एकच आकडा आला तर दोन्ही धुऊन, झटकून परत लावतात, कारण दोन स्वतंत्र गोष्टींचं इतकं पटणं त्यांना बघवत नाही. दूधवाल्यावर त्यांचा विश्वास नाही, तसा तो कोणाचाच नसतो. पण दूध चांगलं निघालं की यांचा संशय वाढतो. "आज का चांगलं दिलं?" असं विचारणारा गृहस्थ मी दुसरा पाहिलेला नाही. लग्न ठरवताना आमच्या घरच्यांनी सगळं खरं सांगितलं, त्यामुळे साखरपुडा महिनाभर लांबला होता, असं ताई सांगते. त्यात तिखटमीठ किती हे तिलाच ठाऊक.

ऑफिसातली त्यांची खोली म्हणजे जुन्या कोठीची खोली. आत लोखंडी मांडणी, तिच्यावर उघडे बोर्ड, पंख्यांची घरघर आणि बाराही महिने गारठा. दाजी तिथे स्वेटर घालून बसतात. मांडणीवरच्या तीन यंत्रांना त्यांनीच पत्त्यांची नावं दिलीत. पहिली चौवी, गिऱ्हाईकाचा जुना प्रोसेसर असलेली. ती एका हुकमात चार आकड्यांवर काम करते. दुसरी अठ्ठी, वेगळ्या घराण्यातली, एका दमात आठ आकडे उचलणारी. आणि तिसरा जोकर, गिऱ्हाईकाला आता हवा तो. हा चौवीच्याच घराण्यात नवा जन्मलेला, पण याची रुंदी ठरलेली नाही. प्रोग्रॅमनं त्याला आधी विचारायचं, बाबा रे, तू एका वेळी किती उचलतोस, आणि तो सांगेल तेवढे द्यायचे. आमच्याकडचा जोकर सोळा उचलणारा. शिवाय घराण्याची रीत म्हणून त्याला चौवीचे जुने हुकूमही कळतात.

चहा वाटणारा माणूस आठवा. एकेक कप नेऊन दिला तर दिवस जातो, म्हणून तो ट्रे वापरतो. कोणाच्या ट्रेमध्ये चार कप मावतात, कोणाच्या आठ. कंपायलरनं प्रत्येक यंत्राला त्याच्या त्याच्या ट्रेप्रमाणे हुकूम लिहून द्यायचे, आणि कोणाच्याही ट्रेमधून आला तरी चहा तोच लागला पाहिजे. हे तपासणं म्हणजे आमची पोटापाण्याची सोय.

आता त्या बेरजेचं. अपूर्णांकांची बेरीज करताना यंत्र दर पायरीला शेपटाकडचा अगदी बारीक भाग कापून टाकतं. चार जणांनी वाटून घेऊन केलेली बेरीज आणि सोळा जणांनी वाटून केलेली बेरीज, दोन्ही बरोबर, पण कापाकापी वेगवेगळ्या जागी झाल्यामुळे शेवटचे एकदोन आकडे हलतात. तेवढा फरक आम्ही माफ करतो आणि निकालाच्या पाटीवर हिरवा दिवा लावतो. पाटीवर फक्त हिरवा किंवा लाल दिसतो, आकडे दिसत नाहीत. ते मी हौसेनं खोदून काढले होते.

"अठ्ठीचा काय आला होता?" खोलीत येऊन दाजींनी विचारलं.

"शेवटचे दोन आकडे वेगळे. म्हणून तो पडद्यावर दाखवला नाही."

"म्हणजे जो खरं बोलला त्याला तू घरी बसवलंस." त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. "तुमच्या शाळेत कॉपी कशी पकडायचे?"

"मला कसं माहीत असणार?"

"तूच सांगितलंयस."

सांगितलं होतं खरं. मी आणि माझ्या बाकावरचा मित्र, दोघांची एकच चूक, एकाच ओळीत. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं, गुरुजी म्हणाले होते, पण एवढी सारखी चूक सख्ख्या भावांचीसुद्धा येत नाही.

"चार जण आणि सोळा जण," दाजी म्हणाले, "आणि शेपूट एकाच जागी कापलं. यांतला कोणी तरी दुसऱ्याच्या पेपरात बघतोय."

दाजींनी एवढं मनाला लावून घेण्याचं कारण होतं. मागच्या वर्षी त्यांनी अशाच एका शंकेवरून गिऱ्हाईकाला द्यायचा माल अडवला. सगळं ऑफिस आठवडाभर उलथंपालथं झालं आणि शेवटी निघालं काय, तर अठ्ठीतली मेमरीची पट्टी खाचेत नीट बसली नव्हती. मॅडमनी तेव्हा आवाज न चढवता सांगितलं होतं, "पुढच्या वेळी शंका नको, पुरावा आणा. नाहीतर ही खोली मी दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देईन आणि तुम्ही माहितीपुस्तिका लिहायला बसा." माहितीपुस्तिका म्हणजे कंपायलर कसा वापरावा हे लोकांना गोड शब्दांत सांगायचं. दाजींना ते जमलं नसतं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांनी 'असं आम्ही म्हणतो' असं जोडलं असतं.

आणि या मालाला हिरवा कंदील दाखवणारी सही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवी होती. सही केली आणि माल खोटा निघाला, तर खोली गेली. अडवला आणि शंका खोटी निघाली, तरी खोली गेली.

पहिला संशय माझ्यावर आला. घरचाच माणूस, हाताशी होता.

"उत्तर चिकटवलंस का?"

"दाजी, मी?"

"चौवीचं उत्तर उचलून जोकरच्या नावावर. वेळ वाचवायला."

"तुम्ही मला ओळखता."

"म्हणूनच विचारतोय."

त्यांनी माझ्यादेखत सगळं पुन्हा चालवलं. आकडे तेच आले. मी सुटलो, पण माफी वगैरे काही आली नाही. फक्त "बरं" असं म्हणाले.

मग त्यांनी जोकरची वायर उपटून हातात धरली आणि मला चाचणी सुरू करायला सांगितली. जोकरचं काम गुपचूप चौवीच करत असेल तर दिवा तरीही हिरवाच राहील, असा त्यांचा डाव. दिवा लाल झाला. म्हणजे काम जोकरकडे जात होतं आणि जोकरच ते करत होता. दाजी हिरमुसले. चोर पकडायला दाराआड लपून बसावं आणि घरमालकच चावी घेऊन यावा, तसं झालं त्यांचं.

शेवटी त्यांनी कंपायलरनं जोकरसाठी लिहिलेले हुकूम उघडले. एकेक ओळ बोटानं वाचत ते खाली खाली गेले. जोकरचे स्वतःचे, ऐसपैस रुंदीचे हुकूम त्यात औषधालाही नव्हते. सगळे जुने, चौवीचे. सोळा कपांचा ट्रे असलेल्या माणसाच्या हातात आम्ही चार कपांचा ट्रे देऊन ठेवला होता, आणि तो बिचारा बिनतक्रार चार चार कप वाटत होता. जोकरचे खरे हुकूम कधी तपासलेच गेले नव्हते.

"पंडित," दाजी म्हणाले.

पंडित म्हणजे कंपायलरचा जोकरवाला भाग लिहिणारा आमचा माणूस. अंगानं भरलेला, बोलायला मऊ, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. आडनाव पंडित नाही, पण त्याला कोणतीही शंका विचारली की तो खडू घेऊन फळ्याकडे जातो म्हणून पंडित. दाजींचा आणि त्याचा बारा वर्षांचा घरोबा. दोघे चहाच्या यंत्रापाशी रोज भेटतात आणि यंत्राला नावं ठेवतात.

त्या दिवशी दाजी तिथे गेले ते कप न घेताच.

"कधी बंद केलंत?" त्यांनी विचारलं.

"काय?" पंडितनं कप भरत विचारलं.

"जोकरचे हुकूम. जमेनात म्हणून गुपचूप चौवीचे घातलेत ना?"

पंडितनं कप खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"मी डोळ्यांनी वाचून आलोय. एकही नाही."

"तुमच्या डोळ्यांचं मला माहीत नाही. माझ्या कंपायलरमध्ये ते आहेत आणि चालू आहेत."

"चालू असते तर दिसले असते. माल लवकर जावा म्हणून झाकलंत, असं सरळ सांगा ना. मी समजून घेईन."

हे 'समजून घेईन' पंडितला जास्त लागलं असावं. तो नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाला, "माझ्या टेबलावर मी गोल आकड्यांच्या ओळी घालून बघतो. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, सोळानं पुरा भाग जाणारे. अडनिडं काय उरतं ते तुमची खोली बघते, असं बारा वर्षं चाललंय. तुमचा दिवा हिरवा दिसला की मी घरी जाऊन झोपतो. आणि तुम्ही मला चोर म्हणताय."

"चोर नाही म्हटलं."

"मग काय म्हटलंत?"

 पंडित भरलेला कप तिथेच टाकून निघून गेला. मी तो प्यायलो. वाया कशाला घालवायचा.

मी राहतो ताईकडेच. रात्री घरी जेवताना दाजी भाजीत काही तरी शोधत असल्यासारखे जेवत होते. ताईनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी थोडक्यात सगळं सांगितलं.

"पंडितांवर?" ताई म्हणाली. "मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात आधी ते आले होते, तुम्ही नंतर."

"मी नंतर आलो कारण मी दोन दवाखान्यांत चौकशी करत होतो," दाजी म्हणाले. "आणि हे दवाखान्याचं नाही. पुरावा आहे माझ्याकडे."

"मागच्या महिन्यात धुलाईचं यंत्र बंद पडलं तेव्हाही होता." ताई माझ्याकडे वळली. "ऐक. कारागिराला बोलावलं. माझ्यासमोर हे त्याला म्हणाले, तू मागच्या वेळी मुद्दाम काही तरी ढिलं ठेवलंस, परत यायला मिळावं म्हणून. तो बिचारा पाना हातात घेऊन बघत राहिला. आणि निघालं काय?"

"ते वेगळं," दाजी म्हणाले.

"निघालं असं की मुलगी बटणं दाबेल म्हणून यांनीच त्याला कुलूप घातलं होतं. एक बटण दाबून धरलं की लागतं ना, ते. आणि विसरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. काही हरवलं की घरातल्या सगळ्यांचे खिसे बघतील. माझे, तुझे, आलेल्या गेलेल्याचे. एक स्वतःचा सोडून."

मी हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांचा घास हातातच राहिला होता. ते ताईकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते, आणि त्यांची अशी नजर मी दूध चांगलं निघालं तेव्हाच पाहिलेली आहे.

"काय झालं हो?" ताईनं विचारलं.

"काही नाही. सकाळी लवकर निघू," ते मला म्हणाले.

सकाळी खोलीचं दार त्यांनी उघडलं, पण आत गेले नाहीत. माझ्या टेबलापाशी येऊन बसले.

"तुझ्या इथून कर. तीच बेरीज, तोच कंपायलर, जोकरसाठी. आपल्या खोलीतली कुठलीही मांडामांड वापरायची नाही. कोऱ्या हातानं."

मी केलं. हुकूम उघडले. पहिल्याच पानावर जोकरचे रुंद हुकूम रांगेत उभे होते, लग्नातल्या वऱ्हाडासारखे. पंडित खरं बोलला होता.

"आता खोलीतून."

खोलीतून केलं. एकही नाही. सगळे चौवीचे.

कंपायलर तोच, यंत्र तेच. फरक फक्त खोलीचा. आणि खोलीची चावी जगात एकाच माणसाच्या कमरेला.

दाजी खुर्चीत बसले आणि चाचण्यांच्या सुरुवातीला कंपायलरला ज्या सूचना दिलेल्या असतात त्या त्यांनी स्वतः उघडल्या. शोधावं लागलं नाही. त्यांना ठाऊक होतं कुठे आहे ते, रात्रीच्या घासापासून ठाऊक असावं. एक ओळ होती. जोकरसाठी रुंद हुकूम काढू नकोस, चौवीचेच काढ. पुढे दाजींच्याच भाषेत शेरा होता: यंत्र नवं आहे, भरवसा नाही, तात्पुरतं.

जोकर पहिल्यांदा आला तेव्हा तो दर थोड्या वेळानं गोठायचा. तेव्हा दाजींनी ही खबरदारी घेतली. पुढे बोर्ड बदलून आला, गोठणं थांबलं, दिवे हिरवे झाले, पण तात्पुरतं ते तात्पुरतंच राहिलं. जोकरवर यांचा इतका अविश्वास की त्याला त्याचं काम करूच दिलं नाही, आणि काम न केल्यामुळे तो चुकला नाही, आणि चुकला नाही म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसला.

 चेष्टा सुचत होती, पण दाजींचे कान लाल झाले होते.

त्यांनी ती ओळ पुसली. "चालव," म्हणाले.

पाटीवरचे जोकरचे दिवे एकेक करून लाल होत गेले. सगळे नाही. गोल आकड्यांचे हिरवेच राहिले. एकोणीस आकड्यांची ओळ, लाल. सत्तेचाळीसची, लाल. एकशे एकची, लाल.

चूक समजायला सोपी होती. सोळांचा ट्रे आणि माणसं एकोणीस. पहिली फेरी भरून गेली. दुसऱ्या फेरीत कप तीनच, बाकीच्या तेरा जागा रिकाम्या. त्या रिकाम्या आहेत, मोजू नका, असं कंपायलरनं बजावायचं असतं. एका विशिष्ट वळणावर तो ते विसरत होता, आणि त्या जागांवर आधीचं जे काही खरकटं पडलेलं असेल तेही हिशोबात घुसत होतं.

"कॅमेऱ्याच्या चित्राची एक आडवी ओळ म्हणजे अशीच आकड्यांची रांग," दाजी म्हणाले. "रांगेचं शेपूट म्हणजे चित्राची उजवी कडा. पट्ट्याच्या उजव्या कडेनं सडकं फळ गेलं तर यांचं यंत्र त्याला पास करेल. आणि आपण म्हणणार, शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतं."

ते वाक्य माझंच होतं. मग लक्षात आलं की दाजी वाचले. शंका खरी निघाली, पुरावा हातात, दुपारच्या आत. माल अडवायचा आणि ताठ मानेनं अडवायचा.

"सुटलात दाजी," मी म्हणालो. "आता मॅडमना एवढंच सांगा की नव्या चाचणीत सापडलं. कुलपाचं बोलायची काय गरज? ओळ तर पुसलीत."

 मला वाटलं त्यांना पटतंय. पटत असावंही थोडंसं, कारण त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मांडणीकडे. माहितीपुस्तिकांच्या विभागाची खिडकी समोरच दिसते, तिथे कुंडीत प्लॅस्टिकचं फूल आहे.

"आणि याआधीचे हिरवे?" त्यांनी विचारलं. "ते लोक खरेच धरणार. कुंपणानंच शेत खाल्लं हे कुंपणानं सांगितलं नाही तर कोण सांगणार?"

"कोणी विचारणार नाही."

"तेच तर," दाजी म्हणाले आणि उठले.

मॅडमच्या केबिनला काचेचं दार आहे, त्यामुळे दिसलं सगळं, आणि दार नीट लागत नाही, त्यामुळे ऐकूही आलं.

"माल जाणार नाही," दाजी म्हणाले. "जोकरची शेपटाची चूक आहे. हा पुरावा."

मॅडमनी वाचलं. "ही आजवर का नाही सापडली?"

"कुलूप होतं. मी घातलेलं. विसरलो."

"कधीपासून?"

"तो आला तेव्हापासून."

कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "काल तुम्ही चहाच्या यंत्रापाशी पंडितना काय म्हणालात ते मजल्यानं ऐकलंय."

"हो."

"खोली काढून घ्यावी असं मला वाटतंय. पण दुसऱ्या कोणाला दिली असती तर त्यानं सही करून टाकली असती, हेही दिसतंय." मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. "बसा तिथेच. पण आजपासून खोलीतली एकही सूचना तुम्ही एकट्यानं बदलायची नाही. दुसऱ्या माणसानं बघून हो म्हटल्याशिवाय नाही. आणि चावी त्याच्याकडे राहील."

"दुसरा कोण?"

मॅडमनी काचेतून माझ्याकडे बोट केलं. मी वायर गुंडाळत असल्याचं नाटक केलं.

अशा रीतीनं दाजींच्या शंकांवर शंका घेण्यासाठी माझी नेमणूक झाली. रोज सकाळी मी चावी काढतो आणि दाजी शेजारी स्वेटर घालून उभे राहतात. "कुलूप नीट लागलं होतं का?" ते विचारतात. "तुम्ही लावलं नव्हतं, म्हणजे लागलं असावं," मी म्हणतो. त्यावर ते "बरं" म्हणतात. पहिल्या दिवशी चावी माझ्या हातात देताना त्यांचा हात जरा जड झाला होता, ते मात्र मी ताईला सांगितलं नाही.

गिऱ्हाईक तक्रार करून थांबलं. सडक्या फळाचं समजल्यावर तक्रारही कमी झाली. चूक दुरुस्त करणं पंडितकडे आणि ती तपासणं दाजींकडे, म्हणजे दोघांना एका टेबलाशी बसणं भाग होतं. ते बसले. कामाचं सगळं बोलले. ओळ कितवी, उरले किती, रिकाम्या जागा कोण मोजतो. त्यापलीकडे एक अक्षर नाही. दाजींनी स्वतःची पाठीला बरी पडणारी खुर्ची पंडितकडे ढकलली. पंडितचा चष्मा कपाळावर असल्याचं न हसता सांगितलं. चहाच्या यंत्रापाशी त्याच्यासाठी कप भरून ठेवला. पंडितनं सगळं घेतलं, मान हलवली, आणि वाट बघत राहिला. वाट कशाची ते आख्ख्या मजल्याला माहीत होतं. दोनच शब्द. मी चुकलो.

मॅडमसमोर काचेच्या केबिनमध्ये जे धडाधड निघालं, ते या माणसासमोर निघेना.

मी ताईला विचारलं, हे असं का? ती कपडे घडी घालत होती. "रांगेत उभं राहायला सांग त्यांना," म्हणाली. "धुलाईवाल्या कारागिराचं बाकी आहे, माझं लग्नापासूनचं आहे, पंडितांचा नंबर त्यामागे."

पंडितची दुरुस्ती आली तेव्हा आम्ही तिघे खोलीत होतो. मी सूचना वाचल्या, हो म्हटलं, दाजींनी चालवलं. एकोणीस हिरवा. सत्तेचाळीस हिरवा. एकशे एक हिरवा. मी मुद्दाम पूर्ण आकडे काढून बघितले. चौवीचं आणि जोकरचं शेवटच्या दोन आकड्यांत जमत नव्हतं. इतकं न जमलेलं बघून मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.

पंडितनं खुर्ची वळवली.

"माझं एक येणं आहे तुमच्याकडे," तो मऊपणे म्हणाला.

"माहीत आहे," दाजी म्हणाले.

"मग?"

"जोकर हिरवा झाला की देणारच होतो."

"झाला की," मी म्हणालो. "हा काय, सगळा हिरवा."

दाजींनी पाटीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग स्वेटरच्या बाह्या वर केल्या.

"सगळा?" ते म्हणाले. "एवढा? सूचना उघड. परत बघू."